वाफ्यांवर घातलेल्या गोधड्या

माझ्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: भंगारातल्या बसगाड्यांच्या खिडक्या जोडून उभे केलेले काचघर, जुन्या लोखंडी पाइपाची शेगडी, जी कोळसा कमी खाते आणि तापते जास्त, ओल्या वाळुंजाच्या फांद्या वाकवून केलेल्या कमानी, ज्यांवर प्लास्टिक ताणून कोवळी रोपे झाकतात, आणि जेवणाचे बुटके मेज, जे किंचित डुलते. ते जमिनीमुळे डुलते, मेजामुळे नाही.

यातले काहीही मला कोणी शिकवले नाही. शाळा आठवीत सुटली. पुढचे पुस्तके उघडून आणि बोटे भाजून घेऊन शिकलो.

मी कालदीबेक ओरिनबायउली, वय सत्तावन्न, राहणार जिगिदेली, सारिआगाश जिल्हा, छातीच्या शस्त्रक्रियेसाठी शिमकेंत शहरात जाण्यापूर्वी, डोके ठिकाणावर असताना, कोणी भरीस न घालता, स्वतःच्या अक्षरात हे लिहून ठेवतो. बरा होऊन परतलो तरी यातला एक शब्द बदलणार नाही.

कलम १. राहते घर, काचघर आणि मागची सगळी जमीन माझी सून झुपार हिला द्यावी. लोक म्हणतील, माजी सून. काडीमोड माझा मुलगा दाउलेत याने घेतला. मी घेतलेला नाही. हा कागद नसेल तर कायद्याने सारे दाउलेतकडे जाईल, आणि तो तिला घरात ठेवणार नाही, हे त्याने माझ्या तोंडावर सांगितले आहे. म्हणून हे कलम पहिले.

कलम २. कारण लिहिणे कायद्याने लागत नाही. मला लागते.

दाउलेतचे लग्न होऊन दोन महिने झाले होते. टोमॅटो आणि ढोबळी मिरचीची रोपे काचघरातून काढून उघड्या वाफ्यांत लावली होती. येत्या हिवाळ्याचा कोळसा आणि पीठ त्यांतूनच यायचे होते. तेवढ्यात एप्रिलमधली ती थंडी आली, जिला आमच्याकडे पाच पाहुणे म्हणतात. वसंतावर विसंबून पातळ कपड्यांत निघालेले पाच प्रवासी तिच्यात गोठून मेले, अशी गोष्ट सांगतात. दुपारच्या वाऱ्याने कमानींवरचे प्लास्टिक फाडून कालव्यात नेऊन टाकले. संध्याकाळी वारा पडला, आभाळ निवळले. हे वाईट लक्षण. ढग नसले की मातीत साठलेली ऊब सरळ वर निघून जाते आणि पहाटे पाने काळी पडतात.

कुंपणापलीकडे शेजारी मामिरखान ओला पेंढा पेटवून धूर करत होता. मी ओरडलो, "अरे, धूर रोपांना दे, माझ्या डोळ्यांत कशाला?"

"तुझ्या पुस्तकात बघ की, डोळ्यांवर काय औषध दिलंय!"

तेवढ्यात झुपार कवेत मावतील तेवढ्या गोधड्या घेऊन बाहेर आली. लग्नात आणलेल्या, आतून लोकर भरलेल्या, एकदाही न अंथरलेल्या. घराची अब्रू भिंतीशी रचलेल्या गोधड्यांच्या उंचीवरून जोखणारी माणसे आम्ही. माझी पत्नी बिबिसारा दारातच किंचाळली, "अगं, डोकं फिरलं का? आईच्या हातच्या गोधड्या मातीत घालतेस?"

"आई, या कुणासाठी शिवतात?"

"पाहुण्यांसाठी! एवढंही शिकवलं नाही का माहेरी?"

"शिकवलं की. पाचजण आलेत, बाहेरच उतरलेत. मग अंथरूण बाहेरच घालायला नको?"

 बिबिसारा आत गेली आणि स्वतःच्या लग्नातल्या गोधड्या घेऊन आली. "माझ्या त्या वरच्या ओळीवर टाका," म्हणाली, "खालच्या ओळीत चिखल आहे."

कमानींवर गोधड्या पसरून कडा विटांनी दाबल्या. सकाळी गोधड्या पत्र्यासारख्या कडक झाल्या होत्या. उचलल्या, तर खाली सगळी रोपे मऊ आणि हिरवी. मामिरखानची निम्मी गेली. झुपारने आमच्या काचघरात उरलेली रोपे त्याला नेऊन दिली, आणि मला नंतर सांगितले.

त्या गोधड्यांवरचे डाग कधी निघाले नाहीत. पाहुण्या बायका भिंतीकडे बघून नाक मुरडतात, ती हसून चहा ओतते. दाउलेत घर सोडून गेला, बिबिसारा वारली, तरी दर एप्रिलला झुपारच गोधड्या बाहेर काढते. तिचा मी ऋणी आहे. हे तोंडी न राहता कागदावर असावे.

कलम ३. गाडी आणि बँकेतली ठेव दाउलेतची. तो धडधाकट आहे, कमावता आहे. माझा राग आहे, शाप नाही. झुपारला या घरात त्यानेच आणले. त्याबद्दल त्याचे मनापासून आभार.

कलम ४. वेल्डिंगचे यंत्र मामिरखानला. भिंत सरळ आहे का ते बघायची माझी पाणसळ त्याने नेली ती परत केली नाही. तीही आता त्याचीच. तिचा उपयोग तो कसा करतो हे त्याच्या भिंतीकडे बघून कळत नाही.

कलम ५. मी एप्रिलमध्ये गेलो, तर रडायला आलेल्यांनी आधी आभाळ बघावे. निरभ्र असेल तर झुपारला गोधड्या पसरायला मदत करावी. रडणे सकाळी चालेल.

साक्षीदार: मामिरखान सेयतकुलउली (सही), शेजारी, उलबोसिन झाकसिलिककिझी (सही), गावची परिचारिका.
लिहून ठेवणार: कालदीबेक ओरिनबायउली (सही).
जिगिदेली, २९ मार्च २०२३.

सह्या झाल्यावर मामिरखान म्हणाला, "अरे, त्या हॉलवाल्याचं लिहिलंस का? नाहीतर दाउलेतचा वकील म्हणेल, म्हाताऱ्याला जमिनीचा भाव माहीत नव्हता." म्हातारा हा शब्द मला मान्य नाही. मुद्दा मान्य आहे, म्हणून दोघांसमक्ष जोडतो.

नौरूझच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या, आदल्या आठवड्यात दाउलेत लग्नाचे हॉल बांधणाऱ्या एका गृहस्थाला घेऊन आला. घर, काचघर, जमीन, सगळे एकदम घेणार. अट एकच, झुपारने महिनाअखेर निघावे. मी विचारले, "वाफ्यांचं काय करणार?"

"काँक्रीट घालणार, काका. या वयात थंडीत रोपं राखत कशाला बसता?"

आम्ही पाहुण्याच्या वाटीत चहा अर्धाच ओततो, म्हणजे त्याने पुन्हा मागावा आणि बसून राहावे. हॉलवाल्याची वाटी मी काठोकाठ भरली. त्याला कळले नाही. दाउलेतला कळले, आणि तो उठला.

नाकारलेली रक्कम: चार कोटी वीस लाख टेंगे, रोख.