किसनच्या नंतरचा पहारा

९ नोव्हेंबर, रविवार
वैशालीने पुन्हा तीन गाणी पाठवली. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची. विद्यापीठात ती त्यावर प्रबंध लिहिते आहे. "अण्णा, मला अर्थ कळतो, ताल कळत नाही. तुम्ही ऐकून सांगा." बाप मृदंग वाजवतो याचा लेकीला एकदाचा उपयोग झाला.
मोसंबीला पाणी सोडलं आणि बांधावर बसून ऐकलं. एक बाई म्हणते, मागचे पंधरा-वीस जण झेलतात. वाद्य नाही. टाळ्या, आणि पाय आपटल्याचा आवाज. पुढच्याने टाकायचं, मागच्यांनी उचलायचं, म्हणजे आपलं भजनच. पण टाळी चुकीच्या जागी. आपण समेवर, पहिल्या ठोक्याला देतो. हे सम जाऊ देतात, मग मारतात. दहा वेळा ऐकलं. चुकून नाही, मुद्दाम आहे. का, ते सांगता येईना.

११ नोव्हेंबर
वै.चा फोन, अर्धा तास. जहाजातून आणलेली माणसं. बाजारात उभं करून, दात बघून... पुढचं लिहवत नाही. ढोल काढून घेतले त्यांचे. "म्हणून अंगावर वाजवतात, अण्णा." कापसाच्या रानात गायचे. मालकाला वाटायचं, देवाचं म्हणताहेत. गाण्यात मात्र पळून जायच्या वाटेचा निरोप असायचा, असं म्हणतात. पुढे कायद्याने सुटले, तरी बसमध्ये मागे बसायचं, हॉटेलात यायचं नाही. मग तीच देवाची गाणी म्हणत रस्त्यावर उतरले. अंगावर कुत्री सोडली, पाण्याचे फवारे मारले, गाणं थांबलं नाही. आणि त्यांच्यातले मोठाले गवई! ऐकणारे गोरे पुढच्या खुर्च्यांवर, गाणारा मात्र स्वयंपाकघराच्या दाराने आत.
संध्याकाळी हरिपाठात लक्ष लागलं नाही. हिने विचारलं, "कुणाशी भांडून आलात?" काय सांगू. न पाहिलेल्या माणसांशी.

१४ नोव्हेंबर
किसनला ऐकवलं. पहिलीपासून माझ्या वर्गातला. मातंग वस्तीत घर, हलगी वडिलांकडून आलेली. गावातलं लग्न, पोळा, सप्त्याची दिंडी त्याच्या हलगीशिवाय निघत नाही. आवाज तर असा की शाळेत प्रार्थना गुरुजी त्यालाच सांगायला लावत. आम्ही बाकीचे नुसते ओठ हलवायचो.
एकदाच ऐकलं आणि टाळी बरोबर जागेवर! मी पाच दिवस झगडतोय.
"तुला कसं जमलं रे?"
"मृदंगाचार्य, तुमी गादीवर बसून वाजवता. आमी चालत वाजवतो. आधी पाय पडतो, मंग हात. चालणाऱ्या लोकाचं गाणं हाय हे. काय म्हणती ती बाई?"
"नदी ओलांडायची आहे म्हणते."
"वलांडली का?"
"अजून म्हणतेच आहे."
हसला. मग म्हणाला, "बाप चाळीस वर्षं दिंडीपुढं वाजवत गेल्ता. देवळाची पायरी आली की हलगी बाहेर, दिंडी आत. मी बी तेच करून राह्यलो. एकदा सप्त्यात वीणा गळ्यात घ्यायची हाय मला. दोन तास. जास्त न्हाई."
पन्नास वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं त्याने माझ्याकडे. दर्शनाला त्याला कुणी अडवत नाही. कायदा आहे. पण टाळ, वीणा, पंगतीची भांडी... तिथे कायदा पोचत नाही.

१८ नोव्हेंबर
अक्षर बरं म्हणून पहाऱ्याची यादी दरवर्षी मीच फळ्यावर लिहितो. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही, दोन-दोन तासांनी एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. आज पहिल्या दिवसाचं लिहिलं. दुपारी २ ते ४ : किसन. ती वेळ कुणालाच नको असते. जेवून सगळे आडवे झालेले, देवळात चिटपाखरू नसतं. कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि त्याची इच्छा पुरी होईल. घरी येताना हलकं वाटत होतं. देवाने सुचवलं असं वाटलं.

१९ नोव्हेंबर
किसन सकाळीच मळ्यात आला. रामराम नाही.
"दोन ते चार कुणी काढलं डोक्यातून?"
मी सांगू लागलो.
"कुणी बघू न्हाई म्हणून ना? बिलकुल खरं सांग."
"अरे, एकदा घेतलीस की पुढल्या वर्षी..."
"चोरून घेऊ व्हय देवाची वीणा? चोरीच करायची असती तर तुझी मोसंबी न्हेली असती, गोड तरी लागली असती. माझं नाव पुस."
गेला. चहासुद्धा घेतला नाही. आमच्या घरचा चहा तो घेतो, ओट्यावर बसून. ओट्यावर. हे आज पहिल्यांदा लिहिलं.

२० नोव्हेंबर
अकरा तारखेचं पान वाचलं. स्वयंपाकघराच्या दारावर मी किती तावातावाने लिहिलंय! आणि आठ दिवसांत स्वतःच्या हाताने तसलंच दार करून दिलं, शाळेच्या सोबत्याला. वर देवाने सुचवलं म्हणे. त्यांची गाणी ऐकून डोळे पुसायचे आणि आपल्या फळ्यावर हे लिहायचं. चीड येते. हात धुतले तरी खडू जात नाही असं वाटत राहिलं.
वै.ला सांगितलं. समजूत घालेल वाटलं होतं. एवढंच म्हणाली, "मग आता, अण्णा?"

२२ नोव्हेंबर
फळा पुसून पुन्हा लिहिला. पहिला दिवस, ४ ते ६ : किसन. सहाला हरिपाठ सुरू होतो. सगळं गाव समोर बसलेलं असताना तो वीणा गळ्यातून काढून पुढच्याला देईल. आधी त्याला जाऊन विचारलं, त्याच्या दारात उभं राहून. म्हणाला, "लिही. आडनावासकट लिही." लिहिलं.

२३ नोव्हेंबर
ओल्या फडक्याने पुसलेलं. फक्त तेवढीच ओळ. बाकी अक्षराला धक्का नाही, किती सफाई!
पुन्हा लिहिली.
दुपारी पुन्हा पुसलेली. पुन्हा लिहिली, जाड. पुजाऱ्याचा पुतण्या म्हणाला, "काका, खडू संपंल."
"अंबडच्या बाजारातून खडूची पेटी आणतो," म्हटलं.

२५ नोव्हेंबर
देवळात बैठक. भजनी मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमचे थोरले भाऊ, आप्पा. घरातलं भांडण देवासमोर.
आप्पा : "बारा वर्षं यादी लिहितोस तू, एकदा बी विचारलं न्हाई आमी. यंदा काय झालं?"
मी : "यंदा मला कळलं."
कुणीतरी मागून : "पोरीनं अमेरिकेचे गाणे धाडलेत, त्याचं हाय हे." हशा.
मी म्हटलं, हो, त्याचंच आहे. त्यांचे ढोल काढून घेतले होते, आपण किसनला ढोल दिला आणि बाहेर ठेवला. मंदिरात रोज म्हणतो की देवाच्या दारी लहान-मोठं नाही. म्हणताना टाळ वाजतात म्हणून ऐकू येत नसेल. आवाज चढला. देवळात मी असा कधी बोललो नव्हतो. पांडुरंगा, क्षमा कर. नको, करू नकोस. अजून बोलायचं राहिलंय.
आप्पा हुशार. कायद्याचं कुणी काही बोलायच्या आत म्हणाले, "केस-बिस नको आपल्याला. घेऊ दे त्याला वीणा. आपलं काही म्हणनं न्हाई. फक्त त्याच्यानंतर त्याच्या गळ्यातली कोण घेणार, तेवढं नाव सांगा."
चाळीस-पन्नास माणसं. एकानेही नाव दिलं नाही. वीणा टेकवता येत नाही, खुंटीला लावता येत नाही. कुणी घेतलीच नाही तर किसन उभा राहील, गाव बघत राहील, आणि कुणी त्याला अडवलं असं म्हणता येणार नाही. न अडवता अडवायचं! हे कुणी शिकवलं आम्हाला?
"मी घेतो," म्हटलं.
"मंग हरिपाठाला मृदंग कोण वाजवंल?"
"ते तुम्ही बघा."
आप्पांनी उपरणं झटकलं आणि उठले.

२६ नोव्हेंबर
किसनला सांगितलं. "सहाला मी घेतोय तुझ्याकडून."
"आणि आठला तुझ्याकडून?"
ते डोक्यातच आलं नव्हतं. आठच्या पहाऱ्याला व्यंकट होता, माझा चुलतभाऊ. देवळात जाऊन पाहिलं. व्यंकटने नाव पुसलंय. विचारलं तर म्हणे पाठ धरली आहे. त्याच्या जागी कुणी यायला तयार नाही. सात घरं फिरलो. एकाची पाठ, एकाच्या घरी पाहुणे, एकाने तर स्पष्ट सांगितलं : "तुमच्याकडून घेतली असती, काका. पण तुमी त्याच्याकडून घेतलेली."
म्हणजे मीही आता त्यातच. अर्ध्या दिवसात. एवढं सोपं असतं हे.
किसनला सांगितलं तेव्हा तो मोठ्याने हसला. "बरं झालं. आता राह्य उभा. आमाला सवय हाय, तुला शिकवतो. पाय बदलत राह्यचं, गुडघे आखडू द्यायचे न्हाईत." मग हसू थांबलं. "भ्याला असशील तर आत्ताच सांग. मी रागावणार न्हाई. तिथं ऐन टायमाला मागं सरकलास, तर मात्र..."

भ्यालो आहे. त्याला नाही सांगितलं. इथे लिहितो.

२७ नोव्हेंबर
वहिनी येऊन गेल्या. आप्पांचा निरोप : वीणा घेतलीस तर सप्त्याची पंगत आपल्या दोन घरांची वेगवेगळी बसेल. ही चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "बसू द्या. वाढायला मी हाय." वहिनी पाणी न पिता गेल्या. तीस वर्षांत हिला मी भजनाला ये म्हटलं नाही, आणि हिने मला कधी काही शिकवलं नाही असं समजत होतो.
वै.चा प्रश्न, ताल कळला का? लिहून पाठवलं : सम सगळ्यांची असते. ती जाऊ देऊन मागून ठामपणे मारलेली टाळी ज्याची त्याची. बरोबर की नाही, माहीत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी साडेतीन
सकाळी सहाला वीणा उभी राहिली. पहिला मान आप्पांचा. त्यांच्या गळ्यात शोभते, खोटं का बोलू. मृदंगाला अंबडहून कुणी आणलाय, हात साफ आहे त्याचा. देवळावर कधी नव्हे एवढी गर्दी. हरिनामासाठी नाही, बघायला.
किसन पांढरा सदरा घालून पाराजवळ आला. हलगी घरी ठेवली. सोबत वस्तीतली पंचवीस-तीस माणसं, बायकाही. कुणी बोलत नाही. मध्येच त्याने गुणगुणायला घेतलं. तिकडचं की आपलं, लांबून कळलं नाही. मागच्यांनी झेललं.
फळ्यावर त्याची ओळ तशीच आहे. माझीही. माझ्याखाली ८ ते १० लिहिलेलं, पुढे काही नाही.
आंघोळ झाली. धोतर नेसलो. हिने जवळ येऊन विचारलं, "आठला कुणी न्हाई आलं तर?"
मी म्हटलं, "उभा राहीन."
"किती वेळ?"
उपरणं खांद्यावर टाकलं. चार वाजत आले. निघतो.