दोन मिनिटांत आलेलं उत्तर

प्रिय ताई,

आधी मागच्या पत्रातली चूक. मी लिहिलं होतं की बाबा आता फोनला चांगले सरावलेत, कुणाचंही उत्तर राहू देत नाहीत. यातलं निम्मंच खरं आहे. दुकानाच्या फोनवर कुणाचं उत्तर राहत नाही, हे खरं. बाबा सरावले, हे खरं नाही. ते वाक्य मी गमतीने लिहिलं होतं, आणि गंमत करायला गेले की माझा नेमकेपणा सुटतो. आत्या मला घरी शिकवायची तेव्हा तिचा नियम होता, चुकलेलं खोडायचं नाही, त्याच्याखाली बरोबर लिहायचं. म्हणून ते पत्र फाडून टाक असं मी म्हणत नाही. त्याच्याखाली हे ठेव.

तू तिकीट काढलंस हे वाचून मला आनंद झाला, पण त्याआधी भीती वाटली. ज्या भरवशावर तू येतेयस त्याबद्दल मला काही सांगायचंय, आणि ते तू दारात उभी राहण्याआधी सांगायला हवं. फोन करणार होते. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि वाक्य तुटलं की मी तुझ्या हो ला हो करून मोकळी होते. तेव्हा हे शेवटपर्यंत वाच आणि मग तिकिटाचं काय ते ठरव.

दुकान तसंच आहे. शिरताना डावीकडे दुरुस्तीला आलेल्या बॅगांची उतरंड, उजवीकडे तयार झालेल्यांची, आणि मधून एका माणसाला आडवं होऊन जाता येईल एवढी वाट. चाकांचे डबे आता मी लावते. बाबा अजूनही खिडकीखालच्या टेबलाशी बसतात, मांडीवर बॅग आडवी घेऊन, तोंडात दोरा धरून. तोंडात दोरा असला की ते फोन उचलत नाहीत, आणि दोरा दिवसभर असतो. मग फोन वाजून वाजून बंद पडायचा आणि गिऱ्हाईक नवी बॅग घेऊन मोकळं व्हायचं. नवी घेणं आता दांडा बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं, हे मी तुला काय सांगणार.

दादाने सुट्ट्यांच्या गर्दीआधी फोनवर एक सोय बसवली. कुणी काही लिहिलं की ती आपोआप उत्तर देते. बाबांनी आजवर गिऱ्हाइकांना लिहिलेले सगळे निरोप त्याने तिला वाचायला दिले, म्हणजे उत्तर बाबांच्या धाटणीचं यावं. बाबांची धाटणी तुला माहीत आहे. "बॅग आणा. बघतो." "चेन गेली. बदलावी लागेल." एवढ्यावर दुकान चालणार नाही म्हणून दादाने वर थोडा गोडवा घातला. चिडलेल्या माणसाला काय म्हणायचं, घाईतल्या माणसाला काय म्हणायचं, हे त्याने बसून शिकवलं. उत्तराखाली नाव बाबांचंच येतं. आत्याने पहिल्या दिवशी दोन-चार उत्तरं वाचून घेतली आणि म्हणाली, "तुझा फोनमधला बाप घरातल्या बापापेक्षा बराच मवाळ आहे रे. त्यालाच जेवायला वाढू का आजपासून?"

खरं सांगायचं तर धंदा वाढला. दादा म्हणतो, माणसाला दुरुस्ती नको असते, उत्तर हवं असतं. उत्तर वेळेवर मिळालं की दुरुस्तीसाठी तो थांबायला तयार असतो. मला हे पटत नाही, पण खोटंही ठरवता येत नाही. दुकानात माणसं येतात, काउंटरवर टेकतात, बाबांशी जुनी ओळख असल्यासारखी बोलतात. आणि बाबा त्यांच्याकडे चष्म्यावरून बघत राहतात.

गेल्या आठवड्यात एक बाई आल्या, परिचारिका आहेत. बॅग ठेवायच्या आधी त्यांनी बाबांचे आभार मानले. त्यांची आई रुग्णालयात होती तेव्हा बॅग न्यायला उशीर होईल असं त्यांनी कळवलं होतं, आणि बाबांनी म्हणे इतकं धीराचं लिहिलं की त्यांनी ते आईला वाचून दाखवलं. बाबांनी तोंडातला दोरा काढला. "कुठला निरोप?" असं ते विचारणार हे मला दिसत होतं, आणि दादालाही. पण त्यांनी ते विचारलं नाही. ते म्हणाले, "आई कशी आहे आता?" बाई म्हणाल्या, गेली. बाबांनी त्यांना स्टूल दिलं आणि बॅगेचं अस्तर त्यांच्यासमोरच शिवून दिलं. बाई गेल्यावर मात्र दादाला म्हणाले, "माझ्या तोंडून काय काय वदवतोस, मला एकदा ऐकव तरी." दादा म्हणाला, "बाबा, वाईट काही नसतं त्यात." बाबा म्हणाले, "तेच विचारतोय. चांगलं मी काय काय बोललो?" दादा हसला. मलाही हसू आलं होतं. बाबा हसत नव्हते हे मला उशिरा कळलं.

ताई, मला तो दिवस सारखा आठवतो, तू शिकून आलीस आणि टेबलावर ती नवी बॅग ठेवलीस तो. तुझं म्हणणं होतं की अर्ध्या दुकानात दुरुस्ती राहू दे, अर्ध्यात नव्या बॅगा विकू. बाबांनी बॅग उलटी केली. चाक अंगातच ओतलेलं, कुठे स्क्रू नाही. म्हणाले, "हे तुटलं की काय करायचं?" तू म्हणालीस, "टाकायची आणि दुसरी घ्यायची." "मग गिऱ्हाईक माझ्याकडे परत कशाला येईल?" "दुसरी घ्यायला." आत्याला हसू फुटलं होतं, आणि तिने ते पदरात दाबलं. मी लहान होते. मला वाटलं गंमत चाललीय. आता दुकानात बसायला लागल्यापासून वाटतं, तुम्ही दोघंही बरोबर होतात. तू लोक काय करतात ते सांगत होतीस, आणि बाबा स्वतः काय करणार नाहीत ते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही एकमेकांना एकाच प्रश्नाची उत्तरं दिल्यासारखे भांडलात.

मग तू त्याच बॅगा विकणाऱ्या कंपनीत लागलीस. बाबा म्हणाले, तिथला पगार घेऊन इथे चहा प्यायला येऊ नकोस. आणि तू म्हणालीस, तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही. दोघांनी आपापला शब्द पाळला. आई असती तर दोघांचेही शब्द तिने दुसऱ्याच दिवशी मोडून टाकले असते. आत्याने प्रयत्न केला, पण आत्या बोलायला लागली की बाबा दांडे कापायची करवत काढतात.

आता तुझ्या पत्राकडे येते. मी ते पुन्हा पुन्हा वाचलंय. तू लिहिलंस की माझं मागचं पत्र वाचून तुला धीर आला. बाबा सगळ्यांना उत्तर देतात तर आपल्यालाही देतील, म्हणून तू दुकानाच्या फोनवर लिहिलंस, मी चुकले असेन पण मला घरी यायचंय. आणि उत्तर आलं, "जरूर ये बाळा. मागचं मनात ठेवू नकोस. कधी निघतेस ते कळव, त्याआधी सगळं तयार ठेवतो." तू पुढे लिहिलंस, दोन मिनिटांत उत्तर आलं, म्हणजे बाबा फोन हातात धरूनच बसले असतील, इतकी वर्षं बहुतेक असेच बसले असतील. त्या ओळीपाशी मला पत्र खाली ठेवावं लागलं.

तुला एव्हाना कळलं असेल. तरी मी स्पष्ट लिहिते, कारण मागच्या वेळी न लिहिल्यानेच हे झालं. ते बाबांनी लिहिलेलं नाही. बाबांनी तुझा निरोप पाहिलेलाच नाही. ते तरुण मुलींना 'बाळा' म्हणतात, ते खरंच म्हणतात, सगळ्यांना, म्हणून ती सोयही सगळ्यांना म्हणते. 'मागचं मनात ठेवू नका' हे दादाने उशीर झाल्यावर चिडणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी शिकवलं. बाबांनी 'मन' हा शब्द कधी लिहिलेला मला आठवत नाही. आणि निघण्याची तारीख आपण सगळ्यांनाच विचारतो, कारण दुरुस्ती त्या तारखेआधी व्हावी लागते. तू तारीख कळवलीस, आणि फोनने तुला प्रवासाला निघणारं गिऱ्हाईक म्हणून नोंदवलं, बॅग अजून आलेली नाही अशा शेऱ्यासकट. तो शेरा दादाच्या नजरेखालून गेला होता. त्याने नंबर ओळखला नाही, कारण तुझा नवा नंबर फक्त माझ्याकडे आहे.

मी दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, "काय बिघडलं? ती येतेय ना?" मी म्हटलं, ज्याने बोलावलं तो माणूसच नाही. तो म्हणाला, "वाढदिवसाला तू छापील कार्ड देतेस. त्यातल्या ओळी तू लिहिलेल्या असतात का?" मी म्हटलं, कार्ड निदान मी निवडते. तो म्हणाला, "मग समज, हे मी निवडलं." तो वाईट नाही, ताई. त्यालाही तू हवी आहेस. त्याचं म्हणणं, ती दारात येईल, बाबा तिला बघतील, पुढे कोण विचारतंय निरोप कुणी लिहिला. असं होईलही. मी हे नाकारत नाही. पण तू दारात येऊन म्हणालीस की तुम्ही बोलावलंत म्हणून आले, तर बाबा काय म्हणतील? नाही म्हणाले तर तुझी मान खाली जाईल. हो म्हणाले तर आयुष्यभर न बोललेल्या वाक्याचे मालक होऊन बसतील, त्या परिचारिका बाईंसमोर बसले तसे.

मी एकदा चाचपून पाहिलं. बाबा एका बॅगेची मूठ शिवत होते. मी म्हटलं, ताई आली तर? ते म्हणाले, "येते म्हणालीय का?" मी घाबरून म्हटलं, नाही, मी नुसतं विचारतेय. "नुसतं विचारू नये. माणूस कामात असतो." मग त्यांनी शिवलेले टाके उसवले आणि पुन्हा घातले. यातून मी काही अर्थ काढत नाही, तूही काढू नकोस. टाके उसवले एवढंच मी पाहिलं. आणि हो, 'येते म्हणालीय का' याचं उत्तर मी 'नाही' दिलं, ते खोटं होतं. तेही आता मलाच निस्तरायचंय.

यावर तू म्हणशील, एवढी तगमग कशाला, आल्यावर सांगायचंस. सुरुवातीला मीही तेच ठरवलं होतं. पण मग एक गोष्ट झाली, जी मी दादालाही सांगितलेली नाही. एका दुपारी दादा बाहेर गेला होता, आणि मी माझ्या फोनवरून दुकानाच्या फोनला लिहिलं, बाबा, माझं काम तुम्हाला कसं वाटतं? लगेच उत्तर आलं, तू फार मन लावून काम करतेस बाळा, मला समाधान आहे. मी ते वाचलं आणि मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. बाबा तेव्हा खिडकीखालीच बसले होते, तोंडात दोरा घेऊन, माझ्याकडे पाठ करून. त्यांच्याकडे जाऊन तेच विचारायची मला गरजच उरली नाही. दुसऱ्या दिवशीही उरली नाही. त्याची मला भीती वाटली, ताई. ते उत्तर खोटं होतं त्याचं तितकं काही नाही. पण त्याने माझं भागलं. तुझंही भागलं तर तू येशील, चार दिवस राहशील, बाबांशी गोड बोलून परत जाशील, आणि तुमच्या दोघांमधलं जे आहे त्याला कुणाचा हातही लागणार नाही. म्हणून हे पत्र. तुला बोलावणं आलेलं नाही, हे कळूनही तू यावंस असं मला वाटतं; पण ते माझं वाटणं आहे, त्याचं ओझं घेऊ नकोस. तुझा शब्द मोडायचा की तिकीट, हे तू ठरव. माझ्याकडून मी एवढंच करणार आहे की तुझा निरोप मी बाबांना वाचून दाखवीन, आणि त्याला परस्पर गेलेलं उत्तरही. मग ते जे म्हणतील, दोन शब्द म्हणाले तर दोन, काहीच नाही म्हणाले तर तेही, जसंच्या तसं तुला फोनवर सांगीन, आणि तेव्हा मला मधे तोडू नकोस. तू शुक्रवारी, तेवीसला निघणार. हे पत्र तुला त्याच्या बरंच आधी मिळेल. दुकान रविवारी बंद असतं आणि बाबांच्या तोंडात दोरा नसतो. मी त्यांना सांगणार आहे ते या रविवारी, अठरा तारखेला.

तुझीच,
चिमटी