मला मात्र जुना तंबू

प्रिय त्रुवर्कताई,

देवाच्या कृपेने तुझी प्रकृती कशी आहे? गुडघे, डोळे, कोंबड्या, शेजारीण सगळं ठीक ना? माझं विचारशील, तर तुझी आठवण सोडता मला कसलाही त्रास नाही. (ही ओळ पत्रात लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिली. वाचून विसरून जा. मला इतके त्रास आहेत की तुझी आठवण काढायला सवड मिळालेली नाही.) पण सगळ्यात आधी, ताई, खाली बस. बसलीस? तर ऐक, मी जिवंत आहे. हे अक्षर माझंच, डावीकडे कलणारं. ते बघून तू मला लहानपणी चिडवायचीस, वाऱ्यात लिहितोस का म्हणून. परवा मी दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा माझा आवाज ऐकताच तू किंचाळून फोन ठेवलास. तिसऱ्यांदा तुझ्या शेजारणीने उचलला आणि मोठ्या समजुतीने मला सांगितलं, “परत जा, भाऊ. इथे तुझं आता काही राहिलेलं नाही.” त्यामुळे हे पत्र जिम्माच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतो आहे. त्याने मला स्वतः पाहिलं आहे, माझ्या हातचा इंजेरा खाल्ला आहे. त्याला विचार.

हे सगळं झालं त्या विमानामुळे. हिरुतने इतक्या प्रेमाने सिअॅटलला बोलावलं, मी गेलो, लेकीचं घर पाहिलं, नातीशी खेळलो, परत आलो. सामान माझ्याबरोबर आलं, झोप आली नाही. तिकडे दिवस असतो तेव्हा इकडे रात्र असते, हे मला माहीत होतं. मी काही अडाणी नाही, सव्वीस वर्षं बस आगार सांभाळलं आहे. पण आपण इकडे आलो की शरीरानेही आपल्याबरोबर यावं, एवढी साधी शिस्त असू नये? पेटी हरवली तर विमानतळावर खिडकी आहे, तिथे बाई बसते, तक्रार घेते. मी त्या बाईला फोन करून विचारलं की हरवलेल्या झोपेचं काय. ती हसली. मी माणूस कामावर ठेवणारा असतो तर तिला ठेवलं नसतं.

तर रोज रात्री अख्खं अदिस अबाबा घोरतं आणि मी छताकडे बघत पडतो. दिवस उजाडला, की समोरच्या माणसाचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत माझी मान खाली. एकदा जेवताना शिरोच्या कालवणात कपाळ बुडालं. असेगेदेच (माझी बायको, तुझी लाडकी भावजय, जिची बाजू तू कायम घेतेस) म्हणाली, “परदेशी जाऊन आल्यावर जेवायची नवी रीत शिकून आलात वाटतं.”

त्यात भेटायला येणारी माणसं. प्रवासातून आलेल्या माणसाला भेटायला गल्लीतली सगळी घरं येतात आणि मग सगळ्या घरांत आपल्याला जावं लागतं, हे तुला सांगायला नको. प्रत्येक घरात जमिनीवर ताजं गवत, निखाऱ्यावर दाणे भाजणं, लाह्या, आणि कॉफीच्या तीन फेऱ्या. तिसरी फेरी सोडून उठायचं नाही, कारण आशीर्वाद तिच्यात असतो. मीही कुठे तिसरी सोडली नाही. सकाळी एक घर, दुपारी दोन, संध्याकाळी आपल्या घरी. आणि कॉफी पितापिता प्रत्येकजण झोपेवर उपाय सांगणार! एकजण म्हणाला, गार पाण्यात पाय ठेवा. दुसरी म्हणाली, उशाशी लसूण. तिसऱ्याने थेट सांगितलं की तुम्हाला कोणाची तरी नजर लागली आहे, आणि माझा कप पुन्हा भरला. इतके कप, इतकी माणसं, इतका अनुभव, पण एकाला खरं कारण सापडलं असेल तर शपथ.

हिरुतने फोनवर तिच्या डॉक्टरची पद्धत सांगितली. विमानात मिळालेली काळी पट्टी डोळ्यांवर बांधायची, कानात बोळे घालायचे, उताणं सरळ झोपायचं, हात छातीवर एकावर एक ठेवायचे आणि श्वास इतका सावकाश घ्यायचा की आपला आपल्याला कळू नये. आणखीही एक गोष्ट म्हणाली, कॉफी बंद करा. (मुलगी बरीच वर्षं परक्या देशात आहे, बोलण्यात असं काहीतरी यायचंच.) बाकीचं मात्र मी गेल्या मंगळवारी जसंच्या तसं केलं. असेगेदेच चर्चच्या मंडळात गेली होती. भर दुपार, बाहेर पाऊस. मी पट्टी बांधली, बोळे घातले, गाबी पायापासून हनुवटीपर्यंत पांघरला, हात जुळवले. आणि ताई, झोप आली! इतक्या दिवसांत पहिल्यांदा झोप आली आणि तीच माझ्या मुळावर उठली.

त्याच वेळी बेझाबिह आला. तोच तो, आमच्या इद्दिरचा चिटणीस, कोपऱ्यावरचा शिंपी. मी अध्यक्ष आहे (होतो, त्यावर येतो). गल्लीत कोणी गेलं की तंबू, बाकं, पातेली आणि रडणारी माणसं वेळेवर हजर करायची, हे आमचं काम. बेझाबिहला कोठाराची किल्ली हवी होती. किल्ली मी उशीखाली ठेवतो, कारण यंदा नवा तंबू आणवला आहे आणि लोकांना नवी वस्तू वापरायची फार घाई. त्याने दार वाजवलं, हाका मारल्या, आत आला, माझा पाय चाचपला. पाय गार लागला म्हणे. मी विचारतो, अदिसमध्ये पावसाळ्यात कोणाचे पाय गरम असतात?

पुढचं मला नंतर समजलं. आमचा तुतारीवाला लेमा बोलावला गेला आणि माझ्या नावाने मयताची हाळी देत गल्लीभर फिरला. कानात बोळे, मला काय ऐकू येणार! पाद्रीबाबा येईपर्यंत हात लावायचा नाही, असं ठरलं. जो माणूस पातेली धुऊन आणायला तीन आठवडे लावतो, त्या बेझाबिहने तासाभरात अंगणात तंबू उभा केला. तुझ्याकडे फोनही त्यानेच केला. एवढी तत्परता मी अध्यक्षपदाच्या बारा वर्षांत एकदाही पाहिली नव्हती. ती पाहायला मी असू नये, अशा बेताने दाखवली.

मला जागं केलं ते वासाने. बोळे कानात असतात, ताई, नाकात नसतात. मयताला आलेल्यांसाठी बायका अंगणात कॉफी भाजत होत्या. मी उठलो, पट्टी कपाळावर सरकवली, गाबी गुंडाळला, बाहेर आलो आणि साहजिकच विचारलं, “पहिली फेरी झाली का?”

त्यानंतरचा गोंधळ मी लिहीत नाही. भाजणीचा तवा चिखलात, लेमा कुंपणावर, आणि पाद्रीबाबा जो क्रूस माझ्यासाठी घेऊन आले होते तोच माझ्यावर रोखून उभे. असेगेदेच फाटकातून धावत, रडत येत होती. मला पाहून जागीच थांबली, डोळे पुसले आणि म्हणाली, “झोपायचं होतं तर सांगून झोपायचं!” चाळीस वर्षांचा संसार, ताई.

मग मी वर पाहिलं. तंबू जुना! उंदरांनी कुरतडलेला, मधोमध गळणारा, एका बाजूला कललेला. नवा तंबू आणवला कोणी? मी. त्यासाठी घरोघर फिरलो कोण? मी. गल्लीतल्या खाटकाच्या सासूला नवा तंबू, आणि अध्यक्षाला हा! मेलेल्या माणसाचा असा अपमान मी जिवंतपणी पाहिला नव्हता.

आणि अपमान तिथेच थांबला नाही. मागे आमचे आधीचे अध्यक्ष गेले तेव्हा हुकूम द्यायला कोणी नव्हतं, बाकं आलीच नाहीत आणि लोक उभ्याने रडले. म्हणून मीच नियम करून घेतला होता की अध्यक्ष गेला तर त्याच्याच तंबूत, ताबडतोब, नवा नेमायचा. तर मी आत झोपलेला असताना बाहेर बेझाबिह अध्यक्ष झाला होता. मी म्हटलं, ठीक आहे, आता मी आलो, उतर खाली. तर तो टोपी हातात घेऊन म्हणतो, “गाशे शिफेराव, नियम तुमचाच. गेलेला अध्यक्ष परत आला तर काय करायचं, ते तुम्ही सांगितलेलं नाही.” त्यावर शेजारची वुबित, जिला कोणी विचारलं नव्हतं, म्हणाली, “आणि गाशे, तुम्ही रात्री जागता, दिवसा झोपता. आम्ही मरायचं कधी ते तरी सांगा, म्हणजे तुमच्या सोयीने मरू.” लोक हसले. माझ्या मयतात, ताई, लोक हसले!

येत्या रविवारी सभा आहे, तीत कायमचं ठरेल. या वयात मला दुसरं काय आहे? आगार सुटलं, लेक दूर, झोपसुद्धा परदेशी. गल्लीत मला मान आहे तो या एका पदाचा, आणि तोही मी झोपेत घालवला. म्हणून तू शनिवारच्या बसने ये. तू थोरली आहेस, तुझ्यापुढे बेझाबिह मान वर करत नाही. सभेत उभी राहा आणि माझी बाजू अशी मांड की पुन्हा कोणाची जुना तंबू काढायची छाती होऊ नये.

तुझा, अजूनही हयात असलेला भाऊ,
शिफेराव

ता. क. पत्र बंद करत होतो तेवढ्यात असेगेदेचने एक गोष्ट सांगितली. एवढे दिवस का सांगितली नाही विचारलं, तर म्हणते, तुम्ही जागे असता तेव्हा ओरडत असता. त्या दुपारी लोकांनी बेझाबिहला नवा तंबू काढायला सांगितला होता. पण किल्ली माझ्या उशीखाली, कोठाराबाहेर होता तो फक्त जुना. ती काढायची तर माझं डोकं हलवावं लागणार. बेझाबिह म्हणाला, “राहू दे. किती दिवस झोपले नव्हते. गाशेंना आता तरी झोपू द्या.” आणि तंबू जिथे गळतो तिथे स्वतः खांब धरून पावसात उभा राहिला. असेगेदेच म्हणते, सगळ्यात मोठ्याने तोच रडत होता.

दुसरा ता. क. रविवारी सभेला तू यायचंच. माझ्या बाजूने कडाडून बोल, माझी बारा वर्षं मोज, वुबितला चांगली सुनाव. आणि मग हर. सहज नको, थोडी ताणून हर. किल्ली मी त्याला सभेत, सगळ्यांसमोर देईन. हे त्याला आधी कळता कामा नये, नाहीतर रडत बसेल आणि बाकं वेळेवर येणार नाहीत.

तिसरा ता. क. येताना तुझ्या परसातली कॉफी आण, दोन थैल्या. एक बेझाबिहला, एक मला. झोपण्यापूर्वी रोज तीन फेऱ्या पितो, तरी डोळा लागत नाही. मला वाटतं इथली फार पुळचट आहे.