वेगळी दोरी

श्रीवर्धन, मंगळवार संध्याकाळ

माझ्या भावाच्या, विनूच्या पोटरीवरचे चट्टे गजकर्ण नव्हतेच. त्वचेतला लिम्फोमा निघाला, दुर्मीळ कर्करोग. माझी किडनी त्याच्या अंगात टिकावी म्हणून ज्या गोळ्या घेतो, त्यांनीच प्रतिकारशक्ती दाबून टाकली. आता गोळ्या कमी करायच्या म्हणे. मग किडनीचं काय?

पण डोक्यातून जात नाही तो टॉवेल. सुपारीच्या वाडीतल्या ओलीने गजकर्ण झालं असं धरून त्याच्या बायकोने, सुषमाने, तो पावसाळाभर वेगळ्या दोरीवर टाकला. बहिणीची किडनी चालली, नवऱ्याचा टॉवेल नाही.

"डॉक्टर काय म्हणाले ते कळलं ना तुला?" मी विचारलं.

"कळलं ताई. लागत नाय ते कुणाला."

आणि तिने टॉवेल सगळ्यांच्या दोरीवर आणून टाकला. विनू हसला, सुटल्यासारखा. कर्करोग झाला तेव्हा कुठे त्याला घरातल्या दोरीवर जागा मिळाली.