तीन पाण्यांनी धुतलेली बाजरी

रवि., ७ डिसें.
दहाला पोरं आली. वैशालीनं गेटपाशीच सोडली, आत पाऊल नाही. पाचपर्यंत माझी, मग परत तिची. कोर्टानं वाटणी अशी चोख केलीय की भाकरीचीसुद्धा कुणी करणार नाही.
मागचे तीन रविवार टीव्ही बघण्यात गेले. आज सई स्वतःहून म्हणाली, "पप्पा, शाळेत प्रकल्प आहे. थंडीत पक्ष्यांसाठी घरी खाऊ करायचा, टांगायचा, कोण येतं ते लिहायचं. मम्मीकडं गॅलरीला जाळी आहे. तुझ्याकडं बोरीचं झाड आहे ना?"
आहे की! पडेगावातलं हे घर लांब पडतं म्हणून आठ वर्षं भांडली वैशाली. आज त्याच पडेगावची बोर कामाला आली. पुढच्या रविवारी करायचं ठरलं. लई दिवसांनी पोरीला माझं काहीतरी हवंय.

बुध., १० डिसें.
दुकानात खरिपाचं उरलेलं बियाणं काढलं. मुदत संपलेली बाजरी, दोन पिशव्या. शेठ म्हणाले, "खड्ड्यात पुरून टाक." पुरवेना. दाणा मातीत फेकायचा तर तो पेरायलाच, असं आईनं शिकवलंय. डिकीत टाकल्या.
कीड मारायचं औषध लावलेली आहे, माहीत आहे. बारा वर्षं काउंटरवर हेच तर बडबडतो, हात धुवा, जनावरांना घालू नका. आईला फोन केला. आई म्हणाली, "तीन पाण्यानं धू, उन्हात वाळव. आपुन कोंबड्यायला घालतच होतो की. काय होत नाय."
पैठणकडच्या आमच्या गावात सगळेच धुऊन घालायचे.

रवि., १४ डिसें.
झकास दिवस. सकाळी टोपल्यात बाजरी धुतली. पहिलं पाणी गुलाबी निघालं. ओम ओरडला, "सरबत!" सईनं विचारलं, "हे काय रे पप्पा?" म्हटलं, रंग असतो, जातो. दुसरं पाणी फिकं, तिसरं स्वच्छ. तिनं स्वतः ओतलं. गच्चीवर वाळवली.
दुपारी शेंगदाण्याचा कूट, गुळाचा पाक, थोडं तूप. नारळाच्या करवंट्यांत दाबून भरलं, सुतळीनं बोरीला टांगलं. पाच करवंट्या. ओम पाच वर्षांचा घोडा झाला तरी बोटं चोखतो. गूळ बघून सुटलाच. सई म्हणाली, "चटोर!" मीही हसलो.
पाच वाजेपर्यंत एक पाखरू आलं नाही. जाताना सई म्हणाली, "कोण आलं त्याचा फोटो पाठव हं. प्रॉमिस?" वैशाली हॉर्न वाजवत होती.

सोम., १५ डिसें.
सव्वासातला दोन चिमण्या करवंटीवर. फोटो काढला, वैशालीच्या फोनवर पाठवला. 'सईला दाखव.' सईनंच उत्तर दिलं, नाचणाऱ्या बाहुलीचं चित्र.
पावणेनऊला दुकानात निघालो तर बोरीखाली दोन चिमण्या मेलेल्या. गेटपाशी एक होला पंख फडफडवतोय, मान वाकडी. पाणी पाजायला गेलो, हातात गेला.
मग ओमची बोटं आठवली.
वैशालीला फोन लावला. "ओमला ताबडतोब दवाखान्यात ने. काल पाखरांसाठी केलेला खाऊ त्यानं चाटलाय. बाजरी जुनी होती, बुरशीबिरशी असेल." बुरशी म्हणालो. जीभ वळलीच नाही दुसरं बोलायला. हरामखोर मी.
दवाखान्यात पोचलो तेव्हा ओम खाटेवर बसून बिस्किट मागत होता. सईही वैशालीबरोबर आली होती. डॉक्टरांनी तिलाच विचारलं, बाजरी कुठली होती गं? ती म्हणाली, "पप्पांनी शहागंजच्या बाजारातून आणली. साधीच होती. मी बघितली ना." माझ्याकडं न बघता, तोंडपाठ असल्यासारखं. गुलाबी पाण्याचं एक अक्षर नाही.
बाजरीची रिकामी पिशवी निघताना खिशात टाकली होती. विषाचं चिन्ह छापलेलं. दोन मिनिटं तशीच मुठीत धरून उभा होतो. मग डॉक्टरांना दिली. सगळं सांगितलं.
वैशालीनं माझ्याकडं बघितलंच नाही. आधी सईकडं बघितलं. "तुला माहीत होतं?"
सई रडली नाही. भिंतीकडं तोंड करून बसली.

मंगळ., १६ डिसें.
ओम ठीक. पोटात फारसं गेलं नव्हतं. काल संध्याकाळीच घरी सोडलं. देवाची कृपा म्हणायची. माझ्या अकलेची तर नाहीच.
मेव्हण्याचा फोन आला. "रविवार विसरा आता. वकिलाला सांगितलंय." त्याला काय, बारशाचं निमंत्रण आल्यासारखा खुशीत होता.
आईला सांगितलं. आधी ओमचं विचारलं. मग म्हणाली, "आपल्याबी कोंबड्या मरायच्या रे मधी मधी. आमी म्हणायचो, रोग आला."

शुक्र., १९ डिसें.
दुकानात एक म्हातारा आला. "साहेब, उरलेलं बी धुऊन कोंबड्यायला चालतं का?" मी असा ओरडलो त्याच्यावर की शेठ आतून बाहेर आले. म्हातारा म्हणाला, "नाय म्हना की नुस्तं. तोंड कशाला टाकता?" बरोबर आहे त्याचं.

रवि., २१ डिसें.
दहा वाजले, गेटवर कुणी नाही. बारापर्यंत गेटकडं बघत बसलो, येड्यासारखा.
करवंट्या सोमवारीच काढून पुरल्या होत्या. सुतळ्या तशाच लोंबताहेत.
चारला फोन केला. ओमनं उचलला. "पप्पा, मला सुई टोचली!" अभिमानानं. म्हटलं, ताईला दे. कुजबूज ऐकू आली. मग ओम म्हणाला, "ताई म्हणते, मी पप्पासाठी खोटं बोलले आणि पप्पानं मलाच पकडून दिलं."
मागून वैशालीचा आवाज, "ओम, फोन ठेव."
मी काय करायला हवं होतं? ओमच्या पोटात काय गेलंय ते डॉक्टरांना कळायलाच हवं होतं. हे नऊ वर्षांच्या पोरीला कसं समजवायचं? त्या सकाळी फोनवरच खरं बोललो असतो तर तिला खोटं बोलायची वेळच आली नसती. माझी बुरशीची थाप तिनं शहागंजापर्यंत नेली.

बुध., २४ डिसें.
शहागंजात गेलो. एक किलो बाजरी घेतली. साधी, हिरवट-राखाडी. दुकानदारानं विचारलं, "भाकरी के वास्ते?" हो म्हणालो. डब्यात भरून ठेवलीय. आता हिचा काय उपयोग, ते विचारू नये.

शनि., २७ डिसें.
वैशालीचा मेसेज. उद्याचं बघते म्हणते. हो नाही, नाहीही नाही. वकिलाबद्दल काही नाही.
नऊ वाजता तिच्याच फोनवरून दुसरा मेसेज. पण लिहिणारी ती नव्हे. 'पप्पा, प्रकल्पात फोटो लावायचा आहे. फोटोतल्या चिमण्या त्याच का, मेलेल्या?'
फोटो मोठा करून बघितला. एक चोचीत दाणा धरून. दुसरीनं मान वळवलीय. चिमणी चिमणीसारखीच दिसते, मी कसं ओळखू? पण ओळखतो.
'नाही' लिहिलं. पुसलं. 'हो' लिहिलं. पुसलं.
ती वाट बघत असणार.