कोऱ्या पेटीवरचा पंजा

सोमवार, ६ मे
आमच्या वर्कशॉपमध्ये कलाकार बाईंची पेटी तयार. माणसाएवढी उंच, लोखंडी, चारी बाजूंनी बंद. रंग नाही, नक्षी नाही, काही म्हणजे काही नाही. हेच तर आर्ट! वेल्डरने अकरा दिवस घासून एकसारखी राखाडी केली. अर्थात सुपरव्हिजन माझं. सगळे गेल्यावर एकदा कौतुकाने पंजा ठेवला. हातमोजे नवशिक्यांसाठी. (उघड्या हाताने शिवायचं नाही, हा नियम मीच लावलाय.)

बुधवार, ८ मे
मेलो! पेटीवर गंज. पाचही बोटं, तळवा, सगळं. घामाचा ठसा दोन दिवसांनी उमटतो, हे मीच सगळ्यांना सांगत असतो. परवा बाई येणार. मालक बजावून बसलेत, या कामात ज्याची चूक, त्याने घरचा रस्ता धरायचा. घाबरलेलो नाही. झोप येत नाही ती चहा जास्त झाल्यामुळे. बायको म्हणते, आज तुम्ही चहा घेतलाच नाही.

गुरुवार, ९ मे, सकाळी ७
पॉलिश पेपर आणलाय. दोन मिनिटांचं काम.

७.४०
ठसा गेला. जागा मात्र चकचकीत झाली, बशीएवढी.

८.१५
कडा मिसळायला गेलो. आता परातीएवढी. देवा!

शुक्रवार, १० मे
बाई आल्या. पेटीभोवती एक फेरी मारली आणि थांबल्या. मालक ओरडले, हा कोणाचा प्रताप? मी सांगणारच होतो. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात वेल्डर म्हणाला, माझ्या हातून झालं. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणं माझ्या संस्कारात नाही. त्याला लगेच काढलं.

गेटवर त्याला विचारलं, असं का केलंस बाबा? म्हणाला, दादा, मला कुठेही काम मिळेल. तुम्हाला या वयात कोण ठेवणार? आगाऊच आहे. उद्या पहिलं काम, मालकांना खरं सांगायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

शनिवार, ११ मे
सकाळी केबिनमध्ये गेलो. मालक म्हणाले, बरं झालं आलात, पेटी आता तुम्हीच घासा, वीस वर्षं हेच तर शिकवताय सगळ्यांना. मी म्हटलं, त्यात काय!

ग्राइंडरला डिस्क कशी बसवतात ते आठवेना. खरं तर कधी बसवलीच नव्हती. शेवटी वेल्डरला फोन केला. त्याने न हसता दोनदा समजावलं. मग म्हणाला, दादा, राहू दे, मशीनला हात लावू नका, बोट जाईल. मी येतो.

अकराला आला. मालकांनी दारातच अडवलं. याला आत कोणी बोलावलं?

वेल्डरने माझ्याकडे पाहिलं. मी डिस्क बघत राहिलो.