पपांच्या गप्पांची फी

पपा, आज वकिलाकडे जाऊन आले. घाबरू नका, भांडणबिंडण काही नाही, घर भाचीच्या नावावर करायचं होतं. वकील म्हणजे माझ्या निम्म्या वयाची पोरगी. बसल्या बसल्या हिब्रूत सांगू लागली, 'आधी एवढी आगाऊ रक्कम. माझा जितका वेळ जाईल तितके त्यातून वजा होत जातील. कळलं ना, आजी?' मी म्हटलं, 'मला नाही कळणार तर कोणाला गं!'

बासष्ट साल, डिमोना. ठाणं सोडून या वाळवंटात आलो त्याला थोडीच वर्षं झालेली. लग्नाची नोंद करायला आम्ही दोघं धर्मगुरूंच्या कचेरीत उभे आहोत. तो बगदादकडच्या घरातला, तुमच्याच कारखान्याची बस चालवणारा. तिथला माणूस मला विचारतो, तुझ्या आईच्या आईची आई कोण, ती यहुदी कशावरून? पुरावा आण, मग नोंद. तुम्ही घरी येऊन टोपी आपटलीत. 'कोकणात पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळला, आणि हे मला विचारतात? आपण वकील करू!' माझ्या लग्नासाठी ठेवलेले सगळे पैसे, होते नव्हते तेवढे लिरा घेऊन तुम्ही बेरशेबाला गेलात. तो रुमानियाचा म्हातारा वकील मोडक्यातोडक्या इंग्रजीत हेच म्हणाला होता, वेळेचे पैसे वजा होत जातील. तुम्ही बॉम्बेच्या ऐटीत 'ऑफ कोर्स, ऑफ कोर्स' करून आलात. तुम्हाला वाटलं, अख्ख्या कामाचेच पैसे देऊन झाले. ठाण्यात आपले वकील ओटीवर चहा प्यायला बसायचे, त्या गप्पांचे पैसे कोणी लावले होते?

मग दर आठवड्याला तुमची वारी सुरू झाली. कारखान्यातली पाळी संपली की त्या रणरणत्या उन्हात लोकरीचा सूट चढवायचा, आईकडून चिकाच्या हलव्याचा डबा भरून घ्यायचा आणि बस पकडायची. आई म्हणायची, 'वकिलाकडे निघालात की सासुरवाडीला?' तुम्ही म्हणायचात, 'अगं, माणूस घरचा झाला की काम मनापासून करतो.' येताना डबा रिकामा आणि तुम्ही खुशीत. मला खिडकीतून दिसायचात, शीळ घालत यायचात.

एक दिवस वकिलाने बोलावलं. पैसे संपले होते आणि कोर्टात द्यायचा अर्ज अजून अर्धासुद्धा लिहिलेला नव्हता. मी बरोबर होते. तो काही लबाड माणूस नव्हता, पपा. त्याने चष्मा काढला आणि मला हिब्रूत म्हणाला, 'मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते बोलत राहिले. ऐकणं हेही माझं काम आहे.' मी विचारलं, एवढं बोलायचे तरी काय? म्हणाला, 'तुझ्याबद्दल.' मी मराठीत तुम्हाला सगळं समजावलं. तुम्ही हळूच म्हणालात, 'मला वाटलं, त्याला माझी संगत आवडते.' डिमोना येईपर्यंत तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही.

पुन्हा द्यायला कुठले होते आपल्याकडे? माझ्या त्या बसवाल्याच्या आईने थोडे महिने वाट पाहिली आणि त्याच्यासाठी दुसरी मुलगी बघितली. बसथांब्यावर मला सांगायला आला तेव्हा तोच लहान पोरासारखा रडला. पुढे भारतातून आलेल्या आपल्या लोकांनी आरडाओरडा केला, आणि चौसष्टमध्ये ती आईच्या आईची चौकशी ढिली पडली. तोवर त्याला मुलगा झाला होता. ती बातमी रेडिओवर ऐकली आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून निजलात. त्याच हिवाळ्यात गेलात. मला तुमचा राग यायचा, पपा, अजूनही येतो. इतका भोळा माणूस असतो का कधी? आणि तो सूट अजून कपाटात आहे, तो टाकवत नाही मला.

आज सह्या झाल्या. पोरगी म्हणाली, 'आणखी काही?' मी 'नाही' म्हणून दारापर्यंत गेले. मग परत फिरले आणि खुर्चीत बसले. म्हटलं, 'वेळ मोजायला लाग, मुली. मला माझ्या वडिलांबद्दल सांगायचंय.'

हे पत्र मी कुठे टाकणार? सुटाच्या खिशात ठेवीन. पण एक कबूल करते. आगाऊ दिलेले सगळे पैसे संपले, आणि मी अजून तुमच्या शीळ घालण्यापर्यंतच आले होते.